मानेवरची ओली बट

मला बोलायला जमत नाही. आमच्या धंद्यात ही अडचण नाही, उलट सोय आहे. गिऱ्हाईक आरशात बघून बोलत असतं आणि आपण त्याच्या पाठीमागे उभं राहून हात चालवायचा असतो. मी आयुष्यभर माणसांच्या पाठीमागे उभी राहिले. त्यामुळे मला चेहऱ्यांपेक्षा माना जास्त ओळखू येतात. बाजारात पुढे चाललेली बाई मी मानेवरून ओळखते आणि ती वळायच्या आत दुसऱ्या गल्लीत शिरते, कारण ती वळली की बोलावं लागेल.

शाळा चौथीनंतर सुटली. मग आईबरोबर मिठागरावर जाऊ लागले. तिथे एक गोष्ट शिकले ती पुढे कामाला आली: खाऱ्या पाण्याने केसांचा काथ्या होतो. आम्हा मिठागरवाल्या पोरींची डोकी झाडूसारखी असायची. लग्नानंतर तुळिंजला आले, सरोजताईंच्या पार्लरमध्ये झाडलोट करायला लागले आणि कधीतरी झाडू सुटून हातात कंगवा आला.

लिहिताना कुणी मधे बोलत नाही, म्हणून लिहिते आहे. हे एका मानेबद्दल आहे. पण ते कळायला आधी ब्लेसिंगबद्दल सांगायला हवं.

आमच्या भागात आफ्रिकेतून आलेली बरीच माणसं भाड्याने राहतात. त्यांच्यातली कुणी बाई जिना चढून वर आली की पार्लरमधल्या बायका मासिकं उघडायच्या आणि मासिकाच्या वरून बघायच्या. ब्लेसिंग अशीच एका दुपारी आली. उंच, भरल्या अंगाची, डोक्याला जांभळं सॅटिनचं फडकं. फडकं सोडलं तर आत काळी दाट लोकर. एकेक केस पेनातल्या स्प्रिंगसारखा वळलेला.

सरोजताई माझ्या कानाशी आल्या. "मंदा, तू बघ गं. यात कंगवा कुठून घालायचा तेच मला कळत नाही."

मी कंगवा उचलला. ब्लेसिंगने आरशातून असं बघितलं की माझा हात वरच राहिला.

"कंघी बाद में. पहले पानी."

मी कंगवा ठेवला आणि तेलाची वाटी पुढे केली.

"तेल भी बाद में! तुम लोग सूखे बाल में तेल डालता. सूखा अंदर बंद हो गया, ताला लग गया, पानी बाहर खड़ा है." मग ती मोठ्याने हसली. "ये बाल मरा नहीं है, सिस्टर. प्यासा है."

सरळ केसांना टाळूचं तेल आपोआप मिळतं, घसरगुंडीवरून उतरावं तसं ते टोकापर्यंत जातं. स्प्रिंगसारख्या केसात ते पहिल्याच वळणावर अडतं. म्हणून हे केस जन्मापासून कोरडे. त्यांना ओल द्यायची ती पाण्याने. तेल ओल देत नाही, तेल फक्त दार लावतं. म्हणून आधी केस भिजवायचे, थेंब गळतील इतके. ओल्यावरच मलईसारखं क्रीम लावायचं आणि मग वरून तेल, तेही हातावर चोळून, जेमतेम. डोक्याचे छोटे छोटे भाग पाडायचे आणि एकेक भाग असा पुरा करायचा. बोटांनी गुंता सोडवायचा, टोकाकडून वर. मग त्या भागाला दोन पदरी पीळ द्यायचा आणि सुकेपर्यंत हात लावायचा नाही. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, जुन्या सुती टीशर्टने नुसतं टिपायचं. सुकताना ओढलं तर वळण जातं. क्रीम जास्त झालं तरी जातं, केस ओझ्याने लोंबतो. एवढंच आहे. पण या क्रमात एक गोष्ट मागेपुढे झाली की सगळं फुकट.

ब्लेसिंग त्यांच्याकडच्या कुठल्याशा झाडाचं पिवळट लोणी डबीत आणायची. ते संपलं तेव्हा मी आपला कोकमतेलाचा गोळा काढला, टाचांच्या भेगांना लावतो तो. तिने नाकाशी धरला, हातावर वितळवला आणि म्हणाली, "तुम्हारे पास था, और तुम पैर में लगाता?" त्या दिवसापासून तो गोळा मी कंगव्यांशेजारी ठेवते.

तिच्या दोन गोष्टी मी विसरले नाही. एक, ती मानेवरचा भाग कधी स्वतः करत नसे. "पीछे का खुद से नहीं होता. पीछे का बहन करती है. मेरा बहन उधर है. इधर तुम करो." तेव्हापासून कुरळं डोकं समोर आलं की मी आधी मानेवरचे केस उचलून बघते. पुढचे केस बाई स्वतः सांभाळते. मागचे बघितले की तिला घरी कुणी आहे का ते कळतं.

दुसरी गोष्ट, जाताना ती फरशीवरचे गळलेले सगळे केस वेचून रुमालात बांधून न्यायची. सरोजताई हसायच्या. मला हसू आलं नाही. माझी आई विंचरून झालं की गुंतवळ बोटाभोवती गुंडाळायची, थू थू करायची आणि लांब नेऊन टाकायची. "केस ठेवू नये," म्हणायची, "केस ठेवला की त्याचा धनी अडकून राहतो." एवढ्या लांबून आलेली बाई तेच करताना बघून मला माझ्या गावची कुणी भेटल्यासारखं वाटलं.

पुढे कुरळ्या केसांची गिऱ्हाइकं माझ्याकडे येऊ लागली. आचोळ्याच्या सोसायटीतली एक आई दर रविवारी मुलीच्या कोरड्या केसात फणी घालायची आणि दोघी रडायच्या, एक हाताने आणि एक डोळ्यांनी. तिला मी पाण्याची बाटली दाखवली. महिन्याने पेढे घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, हिचे केस माझ्यासारखे निघाले. मला वाटायचं माझे सरळच आहेत." बिचारीने आयुष्यभर स्वतःचे केस ओले बघितले नव्हते, ओले झाले की लगेच ड्रायर.

अशीच कुंदावहिनी आली.

खाडीकाठच्या गावातली, माझ्या माहेरच्या शेजारच्या. भातशेतीवालं घर, आता तिच्या नवऱ्याचे टेम्पो आहेत. सगळे त्याला भाऊ म्हणतात. मुलीचं लग्न ठरलं होतं. वहिनीने खुर्चीवर न बसताच विचारलं, "ते कायमचं सरळ करतात, ते तुमच्याकडं होतं का?"

"होतं की," सरोजताई म्हणाल्या. "आणा मुलीला."

"घरी यायला लागंल. आनी हळदीच्या आधी व्हायला पायजे. पानी पडलं तरी वळन वर नाय आलं पायजे."

"नाही येणार. सहा महिने तरी नाही."

"हळदीला नाय आलं म्हंजे झालं," वहिनी म्हणाली आणि पदराने कपाळ पुसलं. एसी चालू होता.

मी गेले. तिकडचं बोअरचं पाणी खारं, म्हणून रिक्षात गोड्या पाण्याचा जार घेऊन गेले. बंगला नवा, चकचकीत. मागच्या अंगणात मात्र जुन्या घराची कुडाची एक खोली तशीच ठेवली होती, नांगर, जाळी, टोपल्या ठेवायला. त्यामागे बांध, बांधामागे तिवरांची झाडी आणि मग खाडी. मागचं दार बंद होतं. मला ज्या खोलीत बसवलं तिच्या खिडक्याही बंद होत्या.

वहिनीची मुलगी हर्षदा विरारला एका दवाखान्यात रिसेप्शनवर काम करते. गोड पोर. तेल चोपडून वेणी इतकी घट्ट घातली होती की भुवया वर ओढल्या गेल्या होत्या.

"धुतेस कधी?" मी विचारलं.

"रविवारी. चंदनसारला, मावशीकडं. तिथंच सुकवून येते."

"घरी का नाही?"

तिने आईकडे बघितलं. वहिनी म्हणाली, "आमच्यात ओल्या केसांनी घरात फिरत नाय."

म्हणजे आठवडाभर कोरड्यावर तेल. मी वेणी सोडली. केस गंजलेल्या तारेसारखे, हाताने दाबले तर तुटत होते. लांबी खांद्यापर्यंत, तीही कुठे आहे कुठे नाही. अशा डोक्याचा मानेवरचा भाग सगळ्यात वाईट असतो. सवयीने मी तो उचलला.

तो ओला होता.

घामाने ओला नव्हे. घामाचा केस चिकटतो, ताठ होतो. हा मऊ होता, वळणं एकसारखी, टोकं न उललेली, दोन पदरी पीळ दिलेला. माझ्यासारख्या माणसाने पाणी, क्रीम, तेल असं क्रमाने लावून नुकताच हात काढून घेतला असावा तसा.

"मागचं कोण करतं गं तुझं?"

"कोनी नाय. मागं माझा हात कुठं पोचतो?"

तळहातावर एक थेंब आला होता. मिठागरावर वाढलेल्या माणसाची सवय, मी तो जिभेला लावला. खारट होता. आणि बंद खोलीत ओहोटीच्या वेळच्या चिखलाचा वास आला. खाऱ्या पाण्याने केसांचा काथ्या होतो हे मला माहीत होतं आणि हातातली बट रेशमासारखी होती.

कामाला लागले. सरळ करायचं औषध आधी एका बटेवर लावून बघायचं असतं. बाजूची एक बारीक बट कापली, औषध लावलं, वाट बघितली. ती शिजलेल्या शेवईसारखी झाली आणि बोटात तुटली. मी ती वहिनीला दाखवली.

"वहिनी, हे डोक्याला लावलं तर हळदीला वळण वर येणार नाही हे खरं. पण केसही राहणार नाहीत."

वहिनीने ती तुटलेली बट हातात घेतली. हर्षदाला चहा ठेवायला आत पाठवलं आणि मग तिने सांगितलं.

भाऊंना एक बहीण होती, सुमन. तिचे केस हर्षदासारखेच. लग्न ठरलेलं होतं. भाऊ तेव्हा शाळेत जाणारे. दोघं ओहोटीला चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडायला खाडीत गेली आणि भरती आली. भाऊ बांधावर चढले. सुमन मागे होती. ती सापडलीच नाही. देह नाही म्हणून तिचा पुतळा करून जाळला.

हे मी लहानपणी ऐकलं होतं. पुढचं ऐकलं नव्हतं.

"हर्षू पयल्यांदा चालायला लागली तवाची गोष्ट," वहिनी म्हणाली. "न्हाऊ घातली आनी हातातनं सुटली, ओले केस घेऊन अंगनात. ह्यांनी ते वळन बघितलं. चप्पल काढून ठेवली आनी खाडीत शिरले. कमरंच्या वर पानी आलं तवा बांधावरच्या मानसांनी ओढून आनले. तवापासनं या घरात कोनाचे केस ओले दिसले नायत. आता हळदीला शंभर बायांसमोर पोरीच्या डोक्यावर पानी घालतील. मी काय करू, बाय? केस जाऊ देत का मानूस जाऊ दे?"

चहा घेऊन हर्षदा दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं असावं. "आई, मला टकली करा," ती म्हणाली, "पन माझ्यामुळं बाबांना काय व्हायला नको." आणि हसायचा प्रयत्न केला. त्या हसण्याने वहिनीला रडू फुटलं.

मी एवढंच म्हटलं की औषध मी लावणार नाही, पण हळदीपर्यंत केस जगवते. मग हळदीला काय करायचं ते तुम्ही ठरवा. वहिनीने ठरवलं की डोक्यावर पाणी घालूच द्यायचं नाही, आंब्याच्या पानाने शिंपडून भागवायचं.

भाऊ टेम्पोवर असत अशा दुपारी मी जात राहिले. जवस उकळून काढलेला चीक, क्रीम, कोकम. केसांना पाणी मिळालं की ते आपापल्या जागी जातात, हे बघणं या धंद्यातलं खरं सुख आहे. आधी चापून बसलेली बट असते. पाण्याचा फवारा पडतो, आणि निजलेलं काहीतरी अंग मुडपून कूस बदलतं तसं वळण उठतं. पार्लरमध्ये मला त्याचा आनंद होई. त्या खोलीत मान फिरवावीशी वाटे.

आणि दर वेळी मानेवरचा भाग आधीच झालेला असे.

मी एकदा मुद्दाम तो सोडला, धुतला, माझ्या पद्धतीने केला. मी पीळ उजवीकडे देते. ब्लेसिंगही तसाच द्यायची, उजव्या हाताच्या बाईचा हात तसाच वळतो. पुढच्या वेळी गेले तेव्हा पीळ डावीकडे होता.

"सोडला होतास का?"

"नाय ओ. तुमी सांगितलंत ना, हात लावू नको म्हनून." मग ती म्हणाली, "मावशी, एक सांगू? पहाटं पहाटं मला वाटतं कोन तरी मानेवर हात फिरवतंय. लहानपनापासनं वाटतं. भीती नाय वाटत. उलट झोप लागते."

"आईला सांगितलंस?"

"येडी हाय का मी!"

घरी येताना रिक्षात मी जार रिकामा असूनही तो दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते.

हळदीचा दिवस उजाडला. मांडव पुढे, पण नवरीचं न्हाण मागच्या अंगणात, कारण पाण्याला उतार तिथे. पाट कुडाच्या खोलीला लागून मांडला होता. बायका, पोरी, उभे धरलेले मोबाइल. भाऊंना वहिनीने केटररकडे कसल्याशा कामाला पिटाळलं होतं. आमच्याकडे लग्नाचे विधी धवलारीण चालवते, गाणी म्हणत. ही म्हातारी धवलारीण दात नसलेली आणि आवाज मात्र बांधापलीकडे जाणारा. हळद लावून झाली. वहिनीने आंब्याचं पान पुढे केलं.

"ह्ये काय?" धवलारीण म्हणाली.

"शिंपडा नुसतं. सर्दी हाय पोरीला."

"शिंपडा? ही काय तुळस हाय? डोक्यावरनं पानी नाय तं न्हान कसलं! पोर काय मिठाची केलीस का गो कुंदे, इरगळंल म्हनून भितेस?"

बायका खो खो हसल्या. वहिनी पुढे झाली तोवर म्हातारीने कळशी उचलून सरळ डोक्यावर ओतली.

तेलाने नीट बंद केलेल्या केसांवर पाणी आधी थांबतं, मोत्यांसारखं. मग आत शिरतं. हर्षदाचे केस हळदीसाठी मागे चापून बांधले होते. ते सैल झाले आणि एकेक वळण उठायला लागलं, पुढून मागे. एका पोरीने "काय मस्त!" म्हटलं. मग हसणं एकदम थांबलं, कारण जुन्या बायकांना सुमन आठवली.

भाऊ मागच्या दारात उभे होते. हातात थंड्याच्या बाटल्यांचा क्रेट. तो त्यांनी हळूच, एकही बाटली न वाजवता खाली ठेवला. त्यांनी तो आपटला असता तर मला बरं वाटलं असतं.

वहिनीने त्यांचा दंड धरला. "अवो, हर्षू हाय ती. हर्षू."

"ठावं हाय मला," भाऊ म्हणाले. ते पाटाच्या मागे येऊन उभे राहिले. मुलीच्या तोंडाकडे बघतच नव्हते, मानेकडे बघत होते. बाकीचे केस पाण्याने सुटले होते. मानेवरचा पीळ तसाच होता.

"हिचं मागचं कोन करतं?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. "मी नाही, भाऊ. मी पीळ उजवा देते."

"सुमी डावरी होती," ते म्हणाले.

मग ते कुडाकडे वळले. कारवीवर लिंपलेली ती भिंत, वळचणीखाली एक भेग होती. तिथे पूर्वीच्या बायका गुंतवळ खोचून ठेवत, बोहारीण आली की द्यायला. भाऊंनी चाचपडलं नाही. हात नेमका भेगेत गेला आणि मूठ बाहेर आली. मुठीतून पाणी गळत होतं.

न्हाणाचं पाणी त्या भेगेपर्यंत पोचत नाही. ती माझ्या डोक्याच्याही वर आहे.

त्यांनी मूठ उघडली. केसांचा पुंजका. इतकी वर्षं भिंतीत राहिलेला केस धुळीने भुरा होतो, हात लावला की भुगा होतो. हा काळाभोर होता, ओला, एकेक वळण ताजं. चिखलाचा वास अंगणभर झाला.

"तिला पान्यातनं ओढायला मी हात घातला तवा एवढंच मुठीत आलं," भाऊ कुणाकडेही न बघता म्हणाले. "पुतळ्याबरोबर जाळायला मागत होते. मी नाय दिलं. हरवलं म्हनून सांगितलं. तिचं तेवढंच होतं माझ्यापाशी." मग ते माझ्यासमोर आले. "बाय, तू केसांची जानकार. काय करू मी ह्याचं?"

मला बोलायला जमत नाही हे मी वर लिहिलंच आहे. त्या अंगणात एवढी माणसं होती आणि सगळी ऐकत होती. मला आईचा आवाज आठवला आणि तोच बाहेर आला.

"गुंतवळ ठेवत नाहीत, भाऊ."

त्यांनी मान हलवली. चपला काढल्या, त्या नीट शेजारी शेजारी ठेवल्या आणि ते बांधाकडे चालू लागले.

चपला बघून वहिनी किंचाळली. पुरुष सगळे पुढे मांडवात, तिथे गाणी मोठ्याने लावलेली. हर्षदा पाटावरून उठली. "उठू नको गो, न्हान पुरं झालं नाय!" धवलारीण ओरडली, पण ती हळदीने माखलेली, ओल्या केसांनी बापामागे धावली. मी तिच्यामागे. माझ्या हातात केस टिपायचा टीशर्ट होता, तो मी का धरला होता देव जाणे.

ओहोटी लागली होती. तिवरांच्या मुळ्या उघड्या, मधे पाण्याची पट्टी वेगाने समुद्राकडे चाललेली. भाऊ बांध उतरले. पाय चिखलात घोट्यापर्यंत गेला, मग गुडघ्यापर्यंत. पाणी मांडीला लागलं. ते थांबत नव्हते.

"बाबा," हर्षदा बांधावरून म्हणाली. ओरडली नाही. जेवायला हाक मारावी तशी म्हणाली. "माझं न्हान अर्धं राह्यलंय."

भाऊ थांबले. वळले नाहीत. मला त्यांची मान दिसत होती आणि त्या मानेवरून काहीच ओळखता येत नव्हतं.

मग त्यांनी मूठ पाण्यावर धरली आणि बोटं उघडली.

पुंजका बुडाला नाही. पाण्यावर पसरला, काळं फूल उमलावं तसा. ओहोटीची ओढ एवढी होती की वाळकी पानं बाणासारखी जात होती. तो मात्र भाऊंच्या हातापाशी जागच्या जागी फिरत राहिला, उजवीकडून डावीकडे, हळूहळू. भाऊ काहीतरी बोलले. आम्हाला ऐकू आलं नाही. मग तो सुटला आणि तिवरांच्या वळणावरून दिसेनासा झाला.

भाऊ परत आले ते चिखलाच्या पायांनीच पाटापर्यंत. हर्षदा बसली. त्यांनी धवलारणीच्या हातातून कळशी घेतली आणि मुलीच्या डोक्यावर स्वतः पाणी घातलं, डोळे उघडे ठेवून. वळणं पुन्हा उठली. त्यांनी त्यावर तळहात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभे राहिले.

"बापाचं न्हान बी संगतीच उरकलं," धवलारीण म्हणाली आणि मग कुणीतरी पहिल्यांदा हसलं.

लग्नात हर्षदाने केस मोकळे सोडले होते. फोटो सरोजताईंनी पार्लरच्या काचेवर लावला आहे. खाली माझं नाव नाही, तेच बरं.

ब्लेसिंगला हे सांगायचं राहिलं. ती एकदा ठरल्या दिवशी आली नाही, मग कळलं की खोली सोडून आपल्या देशात गेली. बहिणीकडे गेली असेल. तिने विसरलेलं जांभळं फडकं माझ्या खणात आहे. त्यात एकही केस नाही, मी झटकून बघितलं आहे.

लग्नानंतर हर्षदा सासरी, मावशीच्याच चंदनसारला राहते. सणाला माहेरी आली की वाट वाकडी करून माझ्याकडे येते. पहिल्यांदा आली तेव्हा खुर्चीत बसता बसता सांगू लागली की बाबा फोन करून विचारतात, केस धुतलेस का. सासरी आरसा लहान आहे. नवरा म्हणतो, तुझ्या उशीला कोकमाचा वास येतो. केस छान होते, तिने सगळं क्रमाने केलं होतं. बोलता बोलता मी मानेवरचा भाग उचलला.

तो कोरडा होता. भाताच्या तुसासारखा खरखरीत, टोकं उललेली. तिथे कुणाचाही हात लागला नव्हता.

हर्षदाने आरशातून माझ्याकडे बघितलं. "पहाटं आता जाग येते," ती म्हणाली. "मग झोप लागत नाय."

त्या घरात ज्या ओल्या केसांना सगळे इतकी वर्षं भीत होते, त्यांची धनीण पहाटे येऊन पोरीची मान सांभाळत होती हे आम्हाला दोघींनाच माहीत आहे. गुंतवळ ठेवत नाहीत हे मी सांगितलं. ते बरोबरच सांगितलं. तरी ती कोरडी बट हातात धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. सरोजताईंनी विचारलं, "मंदा, काय झालं गं?"

मी पाणी घेतलं. थेंब गळेपर्यंत भिजवलं. मग क्रीम, मग कोकम हातावर वितळवून जेमतेम. बट दोन भागात वेगळी केली आणि पीळ द्यायला हात वळला तो उजवीकडे. मी तो सोडला आणि पुन्हा दिला, डावीकडे.